वेगळा पेला

धारगळच्या आमच्या घरी परवा भर उन्हात रस्त्याच्या कामावरची एक बाई पाणी मागायला आली. आम्ही दिले, पण मागच्या दारी, वेगळ्या पेल्यात.

रात्री लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली आणि लाज वाटली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई सोवळ्यानेच वेगळे रांधत. पुढे त्यांनी स्वतःच ते सोडले. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या गृहिणीच्या चुलीवर मग पोटच्या लेकरांसोबत अनाथ लेकरेही जेवली.

आम्ही तर जन्माचे ख्रिस्ती! प्रियजनहो, प्रभू तहानेलेल्याच्या रूपानेही दारी येतो. ती बाई पुन्हा आली, तर ओसरीवर बसवून आमच्याच पेल्यात पाणी देऊ. प्रभो, एवढी बुद्धी दे.