बंदरातील आसरा

शेटलंड बेटांवरील लेरविक हे साधारण 60 अंश उत्तर अक्षांशावरचे बंदर. ॲबर्डीनहून रात्रभर बोटीचा प्रवास करून मी तेथे उतरलो. जूनमध्ये तेथे पुरता काळोख होत नाही. त्या संधिप्रकाशाला लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. किनाऱ्यावर ‘लॉडबेरी’ नावाची दगडी घरे समुद्रात पाय सोडून उभी आहेत. मात्र निवाऱ्याचा खरा अर्थ मला उमगला तो ‘बोड’ या शब्दातून. मासेमारीच्या हंगामात मच्छीमारांना राहण्यासाठी आणि जाळी ठेवण्यासाठी बांधलेली ही साधी घरे. शेटलंडभर त्यांतील काहींमध्ये आज प्रवासी उतरतात. पाहुण्याची सोय ही येथे मूळची श्रमिकाची सोय होय.

गावाच्या उत्तरेकडील ग्रेमिस्टाच्या बोडमध्ये 1792 साली आर्थर अँडरसन जन्मले. पुढे ते ‘पी. अँड ओ.’ या आगबोट कंपनीचे एक संस्थापक झाले. मुंबईहून विलायतेला जाणारे कितीतरी प्रवासी याच कंपनीच्या बोटींनी गेले. अँडरसन यांनी लेरविकमध्ये शाळा उभारली आणि दर्यावर्दींच्या विधवांसाठी घरे बांधली. ज्या गावाची मिळकत समुद्रावर, त्याचे दुःखही समुद्राचेच. बंदर पाहुण्याला कसे वागवते, हे उतारूला एका दिवसात कळते; न परतलेल्यांच्या कुटुंबांना ते कसे वागवते, हे जाणण्यासाठी अशी छपरे पाहावी लागतात.