तिची न सांगितलेली गोष्ट

रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ ही १८९५ सालची कथा शिकवताना आम्हां दोघींचा दर वर्षी एकाच ठिकाणी मतभेद होतो.

१८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेत, न्यायाधीश असलेल्या थोरल्या बंधूंकडे, सत्येंद्रनाथांकडे राहत होते. निवास होता शाहीबागेतल्या मुघलकालीन महालात. बंधू कचेरीत गेले की हा मुलगा त्या रिकाम्या दालनांतून एकटाच हिंडे. कथेचे बीज तिथलेच.

कथेतला अधिकारी दिवसा कापसावरील कर वसूल करतो. रात्री मात्र ओसाड महालातली अदृश्य सुंदरी त्याला खेचून घेते. ती रडते, सुटकेची याचना करते. अतृप्त वासनांनी तिथला दगडन् दगड भुकेला झाला आहे, असे वृद्ध कारकून करीमखां सांगतो. सुटायचे तर एका इराणी दासीची कहाणी ऐकायला हवी. ती सुरू होणार, एवढ्यात स्थानकात गाडी येते. एक इंग्रज गृहस्थ सांगणाऱ्याला आपल्या डब्यात बोलावतो आणि कहाणी राहूनच जाते.

विद्यार्थी हिरमुसतात. ‘जेन आयर’मध्ये (१८४७) थॉर्नफिल्डचे रहस्य उलगडते, वाडा जळतो, प्रेम सफल होते. याच कथेवर बेतलेल्या गुलजारांच्या ‘लेकिन’मध्येही (१९९१) आत्म्याला मुक्ती मिळते. लता मंगेशकरांची निर्मिती आणि हृदयनाथांचे संगीत असल्याने तो चित्रपट आपल्याकडे जिव्हाळ्याचा. मग इथेच हा हात आखडता का?

आमच्यापैकी एकीला वाटते, या प्रणयाच्या धुक्यात गुलामगिरी झाकली जाते: विकत आणलेल्या स्त्रीचे दुःख अत्तरासारखे हुंगले जाते. दुसरीचे म्हणणे, वाचक आधी मोहित झाला नाही, तर ती कोण होती हे विचारणारच नाही.

दोघींचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. या कथेतले भय पैंजणांच्या आवाजात नाही. तिची हाक ऐकू येते, तिच्या रूपाची भूल पडते, पण तिची हकीकत ऐकायची वेळ आली की गाडी सुटायला झालेली असते. हा योगायोग एकट्या रवींद्रनाथांचा नव्हे. इतिहासाने अशा असंख्य स्त्रियांच्या बाबतीत तो घडवला आहे. म्हणून परीक्षेत ‘कथेचा शेवट अपूर्ण आहे काय?’ हा प्रश्न आम्ही घालत नाही. ‘तिची गोष्ट कोणी ऐकली नाही?’ असे विचारतो. उत्तरांत काहीजण अधिकाऱ्याचे नाव घेतात, काही त्या साहेबाचे. एखादाच ‘आपण’ असे लिहितो.