गोडादऱ्यातले मराठी : घरात, गल्लीत आणि कागदावर

परदेशी राजधान्यांत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसांनी लिहिलेली दिनचर्येची वर्णने आम्ही आवडीने वाचतो. तेथील थंडी, भुयारी आगगाड्या, शेजाऱ्यांचा अबोला आणि एखाद्या दुकानात अवचित कानी पडलेला मराठी शब्द, हे सारे त्यांत असते. आमच्या वाट्याला आलेला परमुलुख इतका दूरचा नाही. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा किंवा नंदुरबार येथून गाडीत बसावे, नवापूर ओलांडावे आणि उधन्याला उतरावे, एवढाच तो प्रवास. सुरत ही कोणत्याही देशाची राजधानी नाही. असलीच तर कृत्रिम धाग्याच्या कापडाची आहे. या शहराच्या आग्नेय भागात लिंबायत, डिंडोली, नवागाम या वस्त्यांना लागून गोडादरा आहे. १९९४ च्या प्लेगने सुरत रिकामी झाली होती. ती पुन्हा भरू लागली त्या सुमारास आम्ही वकिलीची नवी सनद घेऊन येथे आलो आणि येथलेच झालो.

येथील सकाळ यंत्रमागाच्या पाळीने उजाडते. सात वाजता रात्रपाळीची माणसे परततात आणि दिवसपाळीची निघतात. अरुंद रस्त्यावर दोन्ही लोंढे समोरासमोर येतात. येणाऱ्यांच्या केसांत धाग्यांचे बारीक तंतू असतात, जाणाऱ्यांच्या हातात डबे. कोणास विचारावे, 'कुठे निघालात?' तर उत्तर मिळते, 'खात्यावर.' नव्याने आलेल्या मराठी माणसास वाटते, हा बँकेत निघाला की सरकारी नोकरीत आहे? खाते म्हणजे मागांची शेड. बायका घरी बसून भरतकामाच्या साड्यांचे सुटलेले दोरे कापतात, खडे आणि टिकल्या चिकटवतात. साडी मोजावी तसे पैसे. घराच्या ओट्यावर नऊवारी नेसलेली आजी आणि तिच्या मांडीवर परक्या नववधूची झगमगती साडी, हे दृश्य गोडादऱ्यात कोणत्याही गल्लीत दिसेल.

गल्लीला येथे गल्ली म्हणत नाहीत, 'सोसायटी' म्हणतात. बारा-पंधरा फुटांच्या रुंदीची, भिंतीला भिंत लागलेली घरे, पुढे ओटा, वर गच्ची. एका सोसायटीत खानदेशी, दुसरीत उत्तर भारतीय, तिसरीत राजस्थानी. महाराणा प्रताप चौकात उभे राहिले की या साऱ्यांची हिंदी एकदम कानावर येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रोट होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. आखाजीला माहेरवाशिणी येतात; फरक इतकाच की काहींचे माहेरही आता डिंडोलीतच असते. हिवाळ्यात सुरतकर ज्याला 'पोंक' म्हणून मिरवतात तो आमचा हुरडाच. फक्त तो शेताच्या बांधावर न मिळता तराजूत मिळतो आणि सोबत शेव मिळते. त्या शेवेविषयी आमची तक्रार नाही.

आता भाषेकडे वळतो, कारण या पानावर वाचक त्यासाठीच येतात. गोडादऱ्यातील खानदेशी घरात बोलली जाते ती अहिराणी. 'कथा जाई ऱ्हायना?' हा प्रश्न आणि 'काय शे?' ही पृच्छा पहाटेपासून ऐकू येते. हा 'शे' गुजरातीच्या 'छे'च्या इतका जवळचा आहे की नव्या माणसाची गुजरातीशी सोयरीक पहिल्याच दिवशी जुळते. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांच्या खंडात बसविले, आणि जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र मोजली जाते. यावरून 'मग तुम्ही मराठी कसे?' असे आम्हाला येथे क्वचित विचारले जाते. आमचे उत्तर असे की माणसाची भाषा घरात जी बोलतो तेवढीच नसते. ज्या भाषेत त्याने पाटीवर पहिले अक्षर गिरवले, ज्या भाषेत त्याची लग्नपत्रिका छापली जाते आणि ज्या भाषेत तो देवापुढे आरती म्हणतो, तीही त्याचीच. अहिराणी आमची आई आणि मराठी आमची लिपी, अक्षर, ग्रंथ. दोघींचे भांडण लावण्यात आम्हास रस नाही.

एक गंमत मात्र नोंदवितो. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो: डोळा 'डोया', काळा 'काया', शाळा 'शाया'. गुजरातीत 'ळ' ठसठशीत आहे. परिणामी गोडादऱ्यातील काही मुले 'ळ' उच्चारायला प्रथम शिकतात ती गुजराती शाळेत.

बेळगाव, निपाणी, कारवार, भालकी येथील आमच्या बांधवांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. त्यांच्याकडे माणसे जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगणावरून गेली. आमच्याकडे सीमा जागेवर राहिली आणि माणसे ओलांडून आली. नवापूरच्या स्थानकात ही सीमा फलाटावरून जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. प्रवासी तिकडे छायाचित्रे काढतात. पोटासाठी निघालेला माणूस छायाचित्र काढीत नाही. तो खिडकीतून चहा घेतो आणि त्या क्षणापासून भाषिक अल्पसंख्य होतो. त्याला तसे कोणी सांगत नाही.

न्यायाने बोलायचे तर आम्हाला येथे कोणी अडविलेले नाही. मराठी पाटी लावली म्हणून काळे फासले गेले, मराठीत बोललो म्हणून मार बसला, असा एकही दावा आमच्या कारकिर्दीत आमच्याकडे आला नाही. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. देशात अशी उदाहरणे फार नसावीत. २०२३ मध्ये गुजरातने पहिली ते आठवी गुजराती शिकविणे कायद्याने अनिवार्य केले तेव्हा आमच्यापैकी काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण महाराष्ट्राने मराठीसाठी तोच कायदा २०२० मध्ये केला होता. मुंबईत जे रास्त ते सुरतेत जुलूम, असा युक्तिवाद कोणत्याही न्यायाधीशापुढे टिकणार नाही.

तरीही मराठी येथे झिजते आहे. ती दाबली जात नाही. आम्हीच ती दारातून परत पाठवितो. आईबाप विचार करतात, मराठी शाळेत मूल हसतखेळत शिकेल हे खरे, पण पुढे? गुजराती न येणारा मुलगा कापडबाजारात हिशेब कसा लिहील? मग त्याला गुजरातीत घालतात, पैसा असेल तर इंग्रजीत. या आईबापांना दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. मात्र दुसऱ्या पिढीत घरात जी विचित्र स्थिती उत्पन्न होते ती वकिलाच्या टेबलावर जितकी स्पष्ट दिसते तितकी कवीला वा प्राध्यापकाला दिसत नसावी.

आमच्या टेबलावर सर्वांत अधिक येणारे काम कोणते? खून नाही, दरोडा नाही. 'ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र, ज्याला येथे सोगंदनामुं म्हणतात. समजा, एका बाईंचे नाव सुमन आहे. गावच्या शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर त्या 'सुमनबाई'. सुरतेत शिधापत्रिका काढली तेव्हा कारकुनाने रिवाजाप्रमाणे 'सुमनबेन' लिहिले. आधार कार्डावर नुसत्या 'सुमन'. गावच्या शेतात भावांबरोबर हिस्सा मिळण्याची वेळ आली की या तीन स्त्रियांना शपथेवर एक करावे लागते. 'बाई' आणि 'बेन' दोन्ही आदरार्थीच. पण दोन राज्यांच्या आदराने मिळून एका बाईचे तीन तुकडे केले. गावचे कागद मराठीत, म्हणून येथे भाषांतर. येथले कागद गुजरातीत, म्हणून तिकडे भाषांतर. गंमत अशी की शब्द बहुतेक एकाच घरचे आहेत. १९६० पर्यंत दोन्ही प्रांत मुंबई राज्यातच होते, त्यामुळे सातबारा दोन्हीकडे सातबाराच आहे, दाखला दाखलाच आहे. मामलेदार तर आम्ही विसरलो. गुजरातने त्यांना अजून मामलतदार म्हणून जपून ठेवले आहे.

याहून गंभीर गोष्ट सहीची. आमच्या पिढीतील खानदेशी बाया-बाप्ये चौथी, सातवी, क्वचित दहावी मराठीत शिकलेले. तीस वर्षांत गुजराती बोलण्यात ते तरबेज झाले. भाजीवालीशी घासाघीस गुजरातीत, शेठशी पगाराची बोली गुजरातीत. वाचता मात्र येत नाही. शिरोरेषा पुसली की ग, न, प, म, व ही अक्षरे ओळख देतात. अ, इ, ख, ज, झ, ब, भ आली की वाट बंद होते. माणूस ओळीतले निम्मे वाचतो आणि उरलेले अंदाजाने भरतो. कायद्याच्या कागदात अंदाजासारखा धोका दुसरा नाही. अंगठा उठविणाऱ्या निरक्षराची काळजी व्यवहार घेतो: मजकूर वाचून दाखविला, समजावून दिला, असा शेरा कागदावर लिहावा लागतो. सही करणाऱ्याला मात्र मजकूर वाचता आला असे गृहीत धरले जाते. वळणदार देवनागरी सही करणारी बाई म्हणून निरक्षराचे संरक्षण गमावते आणि साक्षराचा लाभही तिला मिळत नाही.

एका कुटुंबाने वीस वर्षांच्या कष्टाची पुंजी घालून येथे घर घेतले. नवरा मागावर, बायको साड्यांचे दोरे कापणारी. हाती जो कागद आला त्यास ते 'दस्तावेज' म्हणत. गुजरातेत दस्तावेज म्हणजे आपले खरेदीखत. प्रत्यक्षात ते साटाखत होते, आपले साठेखत, आणि जोडीला कबजा रसीद व मुखत्यारपत्र. विकण्याचा करार म्हणजे विक्री नव्हे, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्वच्छ लिहिले आहे; करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडणीने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात पुन्हा बजावले. जमिनीचे मूळ वारस उभे राहिले तेव्हा त्या बाईंनी कागदाच्या पहिल्याच पानावरील ठळक अक्षरांवर बोट ठेवून आम्हास विचारले, 'वकीलसाहेब, आठे काय लिखेल शे?' तो शब्द वाचता आला असता तर त्या दिवशीच तिने विचारले असते की हे साठेखत आहे, मग खरेदीखत कधी? साठेखत हा शब्द तिला गावी बापाच्या तोंडून ठाऊक होता. ती अडली ती केवळ चार अक्षरांच्या वळणापाशी. दावा अजून चालू आहे. त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही.

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क दिला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. सीमाभागातील कार्यकर्त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. गोडादऱ्यात आम्ही ते उच्चारले तर लोक आदराने ऐकतात आणि विचारतात, 'पण साहेब, अर्ज गुजरातीत दिला तर काम लवकर होईल ना?' होते, हे आम्हास कबूल करावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. येथेही अनेकांनी तो आनंद एकमेकांना कळविला. दुसऱ्या दिवशी टेबलावर सुमनबेन, सुमनबाई आणि सुमन नेहमीप्रमाणे हजर होत्या.

काही वर्षांपासून आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. कोणाचाही गुजराती दस्त आमच्या हातून जातो तेव्हा त्यासोबत मराठीत एक पान लिहून देतो: हा कागद कशाचा, देणार कोण, घेणार कोण, रक्कम किती, ताबा केव्हा, पुढे काय करावयाचे राहिले. त्या पानाला कायद्यात किंमत नाही. तरी माणसे ते मूळ दस्ताच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. मागल्या हिवाळ्यात एक आई आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास घेऊन आली. मुलगा गुजराती माध्यमाचा. त्याने दस्त खडाखडा वाचला, आईने आमचे मराठी पान वाचले, आणि दोघे ओळीला ओळ लावून पाहू लागले. मुलगा म्हणाला, 'इथे कबजो आहे.' आई आपल्या पानावर बोट फिरवीत थांबली आणि म्हणाली, 'ताबा. हाई देख, ताबा लिखेल शे.' मुलाने खिशातून पेन काढले आणि गुजराती शब्दाच्या वर, समासात, देवनागरीत तो शब्द लिहून घेतला. 'ब' त्याला नीट जमला नाही. आईने त्याच्या हातातून पेन घेऊन तो दुरुस्त केला.