बागेतला जुना ट्रॅक्टर

आमच्या तासगाव भागात नुसते 'बाग' म्हटले की द्राक्षाचीच. वेलींच्या दोन ओळींमधून जाईल असा अठरा-वीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर १९९८ साली आमच्या दारात आला. अब्बांनी तो विकत घेतला असे म्हणवत नाही. अब्बा मिस्त्री. एका बागायतदाराकडे त्यांची तीन वर्षांची मजुरी थकली होती. पैशांऐवजी त्याने शेडमध्ये पडून असलेला ट्रॅक्टर दिला. बॉनेटवरचे कंपनीचे नावसुद्धा झिजून गेले होते. अम्मी म्हणाली, "उधारी डूबी सो डूबी, उप्पर से ये लोखंड कायकू लाए?"

त्याच लोखंडावर आम्ही शिकलो. ऑक्टोबर छाटणी झाली की अब्बा मागे फवारणीचा ब्लोअर जोडून लोकांच्या बागांत भाड्याने जात. आपाचे लग्न, धाकट्याची आयटीआय, आमचे बी.एड., सगळे त्या भाड्यातून निघाले. म्हणून त्या ट्रॅक्टरविषयी वाईट लिहिताना हात अडखळतो.

२०१६ साली अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ट्रॅक्टर धाकट्याकडे आला आणि मदतीला मामूंचा मुलगा येऊ लागला. पुढच्या नोव्हेंबरात अवेळी पाऊस झाला. बागायतदाराला विचारा, फुलोऱ्यातल्या बागेवर पाऊस पडला की फवारणी एक दिवससुद्धा थांबत नाही. पहाटे पाचला माणसे दारात उभी. धाकटा औषध कालवत होता. मामूंच्या मुलाने ट्रॅक्टर चालू करायला घेतला.

चावीचा स्विच कधीच निकामी झालेला. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये जमिनीवर उभे राहायचे आणि स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, अशी आमच्या घरची रीत. गावात आजही कित्येकांची आहे. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरूच नये अशी सोय अनेक ट्रॅक्टरांत असते. स्क्रूड्रायव्हर लावला की ती सोय बाजूला राहते. मुलाने गिअरचा दांडा हलवून पाहिला होता. दांडा सैल, इकडून तिकडे डुलणारा, म्हणजे न्यूट्रल. पण दांड्याचे खालचे टोक आणि ते ज्या खाचेत बसते ती खाच, दोन्ही झिजलेली होती. वर दांडा न्यूट्रल दाखवत होता, आत गिअर तसाच पडलेला होता. ठिणगी उडाली, इंजिन पेटले आणि ट्रॅक्टर चालू लागला. मागचे चाक मुलाच्या पायावरून गेले.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या मांडीत सळई घातली. पोरगा वाचला, अल्लाहचा शुक्र. आज चालतो, पण डावा पाय ओढत.

आता जे लिहायचे आहे ते हे. अठरा वर्षे अब्बांनी तोच ट्रॅक्टर, तशाच झिजलेल्या दांड्याने, तसाच स्क्रूड्रायव्हर लावून चालू केला आणि त्यांच्या नखालाही इजा झाली नाही. आम्ही लहानपणापासून पाहत होतो : अब्बा आधी मागच्या चाकाला खांदा लावून ट्रॅक्टर जरासा पुढे-मागे हलवत आणि मगच स्टार्टरकडे जात. आम्हाला वाटे, ही त्यांची सवय आहे, कुणी बिस्मिल्लाह म्हणून थोपटतो तशी. ती तपासणी होती. चाक सहज हलले तर खरा न्यूट्रल, अडले तर गिअर आत. दांड्यावर त्यांनी कधी भरवसा ठेवलाच नव्हता. पण हे कुणाला सांगितलेही नव्हते.

दवाखान्यातून आलो त्या रात्री आम्ही अब्बांच्या उशाशी बसलो. विचारले, "अब्बा, गाडी में और क्या क्या घिसा है?" त्यांनी डाव्या हाताने 'काही नाही' अशी खूण केली. कष्टाने म्हणाले, "गाडी अच्छी है." ते खोटे बोलत नव्हते. झिजलेला भाग त्यांच्या लेखी दोष राहिलाच नव्हता, त्यांच्या हातापायांनी तो कधीच पोटात घेतला होता.

मुलाला उत्तर येत नसेल तर प्रश्न बदला, एवढे तरी बी.एड.ने आम्हाला शिकवले. आम्ही विचारले, "उतार पे ब्रेक कैसे मारते थे?" अब्बांनी चादरीखालचा डावा पाय आडवा करून दाखवला. तेव्हा उलगडले. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांची ब्रेक पेडले वेगळी असतात. बागेच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर ती एका पट्टीने जोडून ठेवायची. आमची पट्टी झिजून सुटत असे. अब्बा पायच असा टेकवत की दोन्ही पेडले बरोबर दबावीत. नवख्याने एकच दाबले असते तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरून उलटला असता. हुकाच्या पिनेच्या जागी साधा बोल्ट होता, तो ते दर आठवड्याला बदलत. रेडिएटरचे झाकण ओल्या पोत्यानेच उघडायचे. रात्री उशिरापर्यंत जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर आम्ही उर्दूत लिहीत राहिलो. अकरा गोष्टी भरल्या.

बारावी आम्हाला वर्गात सापडली. ब्लोअरला ट्रॅक्टरच्या मागून फिरता दांडा जातो, त्याला पीटीओ म्हणतात. त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण आमच्याकडे कधीच नव्हते. उन्हाने तडकते, ग्रीस देताना आड येते, लोक काढून टाकतात. सातवीत वर्तुळाचा परीघ शिकवत होतो; पुस्तकातल्या बैलगाडीच्या चाकाऐवजी फळ्यावर हाच दांडा काढला. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. जोडापाशी जाडी ८ सेंटीमीटर धरा, परीघ सुमारे २५. नऊ गुणिले पंचवीस. मुलींनी हिशेब केला : सेकंदाला सव्वादोन मीटर. मागच्या बाकावरच्या मुलीने आपल्या ओढणीकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, एक सेकंद में पूरी ओढनी?" वर्ग गप्प झाला. अब्बा आयुष्यभर लुंगी नेसले, पण ट्रॅक्टरवर बसताना मात्र खाकी अर्धी चड्डी. आम्ही त्यावर हसत असू.

१९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मळणीयंत्रांत हात जाऊ लागले म्हणून. आमच्या अंगणातल्या दांड्याकडे पाहायला कुठला कायदा येणार? तालुक्याच्या गावी गॅरेज, वेल्डिंग, बॅटरीची कामे करणारे बरेच हात आपल्याच लोकांचे आहेत. हे हात हुशार आहेत, त्याचा अभिमानही वाटतो. पण मोडके चालवून दाखवणे हीच हुशारी, असे आपण मुलांच्या मनात भरवले आहे का, हा प्रश्न त्या वर्षी आमची पाठ सोडत नव्हता.

मोसम संपल्यावर गिअरपेटी उघडली. दांडा, स्विच, ब्रेकची पट्टी, पिन, सगळे बदलले. पतसंस्थेचे कर्ज झाले, धाकटा कुरकुरला. सर्वांत जास्त शोधावे लागले ते पीटीओचे आवरण. दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून काढले आणि म्हणाला, "हे कोण मागायला येत नाही, गुरुजी." किंमत त्यालाच आठवेना.

पुढच्या छाटणीनंतर शाळेतून येताना पाहिले, तर आवरण बांधावर पडलेले. धाकटा म्हणाला, ग्रीस द्यायला काढले होते. आम्ही इंजिन बंद करायला लावले आणि ते पुन्हा बसवले. त्या मोसमात असे तीनदा झाले.