लेबर रूमचं रजिस्टर

जालना जिल्ह्यातल्या आमच्या शहागडची मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते ती सेवाभावानं, असं कुणी भाषणात म्हटलं की मला हसू येतं. घरोघर हिशेब असतो. डीएड करून पोरं वर्षानुवर्षं भरतीची वाट बघत बसलेली सगळ्यांनी पाहिली आणि मग 'तीन वर्षांत हाताला काम' म्हणून जीएनएमचं नाव निघू लागलं. सायन्स नसलं तरी चालतं, हीही एक सोय. मी २०१६ साली त्याच हिशेबानं गेले. सरकारी जागा मोजक्याच, नंबर लागला खासगी शाळेत.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे, असा फतवा निघाला. पोर्टल नवं होतं, कधी उघडायचं, कधी अर्ध्यात गचकायचं. शेवटी त्या वर्षी अर्ज कागदावर घ्यावे लागले. यात पैसा रखडला. शाळेनं परीक्षेचा फॉर्म अडवला, 'शासनाचे आले की परत करू, आत्ता तुम्ही भरा.' आईनं बचत गटातून उचल घेतली. सरकारनं फी माफ केली होती हे खरं, पण माफ होईपर्यंतचं व्याज आम्ही भरलं. या व्याजाचा उल्लेख मला अजून कुठल्या योजनेच्या पत्रकात दिसलेला नाही.

तरीही पैशाचं दुखणं मी विसरले असते. शिकायचं राहून गेलं, ते विसरता येत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे की वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. आमच्या शाळेच्या संलग्न दवाखान्यात खाटा होत्या, रुग्ण नव्हते. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र दवाखाना भरून जायचा. चादरी नव्या, खाटांवर कुणाकुणाचे पाहुणे, आणि कधी न पाहिलेल्या पाठ्यनिर्देशिका आमची नावं पाठ करत फिरायच्या. अनॅटॉमी फळ्यावर शिकवता येते. घाबरलेल्या बाईचा हात धरून सलाईनची शीर कशी शोधायची, हे फळ्यावर येत नाही.

मग आम्हाला सरकारी रुग्णालयात पोस्टिंगला पाठवायचे. तिथं रुग्णांना तोटा नव्हता, आणि त्याचं कारणही सरकारी धोरणच. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यासोबत जननी सुरक्षा योजना आली. आपल्या राज्यात खेड्यातल्या गरीब बाईला दवाखान्यात बाळंत झाल्याबद्दल ७०० रुपये. पुढं रस्ते झाले, १०८ रुग्णवाहिका आली, आशाताई दारोदार फिरल्या. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली साधारण ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती ९५ टक्क्यांच्या जवळ गेली. म्हणजे लेबर रूम भरली ती आयाबायांसाठी आणलेल्या पैशानं, आणि शिकायला मिळालं आम्हाला. पण जिल्ह्यातल्या सगळ्याच नर्सिंग शाळांच्या मुली त्या एकाच लेबर रूममध्ये. एका बाळंतपणाभोवती आम्ही पाचजणी. बाळाला हात एकीचा लागायचा, केसबुकात मात्र पाचही जणींच्या नावावर ते बाळंतपण चढायचं. सह्या झाल्या, पास झालो.

खरं शिक्षण कोरोनात झालं. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इकडं सगळ्यांचं लक्ष टीव्हीकडं आणि तोंडात भरतीचा विषय. मीही त्या भरतीला गेले. मुलाखत म्हणजे नावापुरती, तीन महिन्यांची ऑर्डर हातात. वॉर्डात निवृत्तीला आलेल्या एक परिसेविका होत्या. ऑक्सिजनचा फ्लोमीटर कसा वाचायचा, पेशंटला पालथं कसं करायचं, नातेवाइकाला फोनवर काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यांनी पीपीईत घामाघूम होत शिकवलं. लाट ओसरली तशी आम्हाला नारळ मिळाला.

आता मी आमच्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. पद आरोग्य अभियानातलं. अभियानाचा पैसा साठ टक्के केंद्राचा, चाळीस राज्याचा, त्यामुळे आराखडा दरवर्षी नव्यानं मंजूर व्हायचा आणि ऑर्डर अकरा महिन्यांची. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर राज्यभर संप झाला, कायम करण्याची आश्वासनं मिळाली. यादीत कुणाचं नाव आलं, कुणाचं नाही, एवढ्यावर आमच्या गप्पा चालतात.

या केंद्रावर नर्सिंगच्या मुली सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला येतात. त्यांना शिकवणं माझ्या ऑर्डरमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. न शिकवून कसं चालेल?

दिवाळीच्या आसपास गरोदर मातांची तपासणी होती. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांतल्या बायकाही आल्या होत्या, कोयता हाती घ्यायच्या आधी एकदा दाखवून जावं म्हणून. शेवटच्या वर्षाची एक मुलगी नुसतीच टेबलापाशी उभी राहिली. पोट तपासलंय का कधी, विचारलं, तर म्हणाली, "पुतळ्यावर केलंय सिस्टर." मी म्हटलं, आधी बाईला लघवीला जाऊन येऊ दे. मग हात चोळून गरम कर, गार हातानं पोट आवळतं आणि काहीच कळत नाही. दोन्ही तळवे वरून हळूहळू खाली आण. एका बाजूला सलग, कडक लागेल ती पाठ. दुसऱ्या बाजूला बारीक टेंगळं, ते हातपाय. खाली ओटीपोटावर गोल, टणक काही हलतंय का बघ. मुलीची बोटं थरथरत होती. टेबलावरची बाईच तिला धीर देत म्हणाली, "दाब गं माय, मला काय व्हत न्हाई." तिसरं लेकरू होतं तिचं. डोकं सापडलं तेव्हा मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला तिच्या शाळेचा राग आला. तीन वर्षांत हे एकदाही नाही?

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली. २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात, प्रत्येकी दहा कोटी. कल्पना मला पटते, कारण शेजारी खरं रुग्णालय असतं. आमच्या जालन्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्या यादीनंतर. त्याच वर्षी राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली आणि त्याच वर्षी जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवायचा करारही केला, त्यात परिचारिका आहेतच. मुलींनी जर्मनीला जरूर जावं, पगार मिळतो. पण इमारतीला पैसा आहे, फीला आहे, परदेशी भाषेला आहे, आणि टेबलापाशी उभं राहून हात कुठं ठेवायचा हे सांगणाऱ्या बाईला मात्र अकरा महिने.

माझ्या मामेबहिणीनं यंदा बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली. फी माफ आहे, त्यामुळे मामा निर्धास्त. कॉलेजांची पसंती भरताना तिनं मला फोन केला, "ताई, ह्याची बिल्डिंग लई भारी हाय, भरू का?" मी म्हटलं, बिल्डिंग राहू दे, त्यांच्या मुली पोस्टिंगला कुठं जातात ते विचार, आणि तिथल्या लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये महिन्याला किती नोंदी असतात ते बघ. ती खरंच गेली. काउंटरवरच्या माणसानं तिला ब्रोशर दिलं आणि बसच्या सवलतीची माहिती सांगितली. तिनं पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "आजवर असं कुणी विचारलं नाही, प्राचार्यांना भेटा." प्राचार्य इन्स्पेक्शनच्या तयारीत होते.

तिनं ते कॉलेज पसंतीत चौथ्या नंबरवर टाकलं. पहिले तीन सरकारी आहेत. गुण बघता चौथंच मिळेल असं मला वाटतंय, पण तिला अजून सांगितलेलं नाही.