लाडू, चिवडा आणि टायगर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरत होतं. काका गेल्यापासून दोन वर्षं ती कऱ्हाडचं घर सोडून कुठेच गेली नव्हती. बाबा सांगून दमले, मी सांगून दमलो. शेवटी एक दिवस तिचाच फोन आला, "येते रे मी. पण टायगर बरोबर असेल."

टायगर म्हणजे तिचा डॅशहुंड. लांबी भरपूर, उंची वीतभर, नाव टायगर!

आणि आमच्या घरात लाडू आणि चिवडा. हे फराळाचे नव्हेत, दोन गिनीपिग आहेत. बायकोने हट्टाने आणलेले, आता माझेच जास्त लाडके. फ्रीज उघडल्याचा आवाज आला की दोघं 'वीक वीक' करून कोथिंबीर मागतात.

आता "आत्या, टायगरला नको आणूस" म्हणणं म्हणजे "तू येऊ नकोस" म्हणण्यासारखंच. म्हटलं, ये बिनधास्त.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. वाचायला बसलो तर कळलं की जर्मन भाषेत 'डॅक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात घुसून बॅजरची शिकार करायला ही जात तयार केलेली. म्हणजे आखूड पाय हे काही गोंडस दिसण्यासाठी नव्हते, ते बिळासाठीच होते! आत्या म्हणत होती, "अरे, तो मुंगीलासुद्धा काही करत नाही." तिचं खोटं नव्हतं. पण मुंगी पळताना किंचाळत नाही. लहान, केसाळ, तुरुतुरु पळणारं काही दिसलं की चांगल्या स्वभावाचा कुत्राही मागे धावतो. त्यात राग नसतो, नुसती उपजत ओढ असते.

तर प्लॅन असा. पिंजरा हॉलमधून बेडरूममध्ये. जमिनीवरून भक्कम टेबलावर. वर जाळीचं झाकण, त्याला क्लिपा. आत लपायला दोन खोके, म्हणजे एकाच खोक्यावरून भांडण नको. दार कायम बंद. टायगर घरातही पट्ट्यावर. 'ओळख करून देऊ' वगैरे प्रकार अजिबात नाही. एक कडी निसटली तरी दुसरी आहेच. ऑफिसात असं डिझाइन दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

आत्या गुरुवारी आली. टायगर पहिल्या पाच मिनिटांत बेडरूमच्या दाराशी पोचला आणि फटीला नाक लावून बसला. जोरजोरात हुंगणं, मधूनच कुंई कुंई. पट्टा ओढून आणला की पुन्हा तिथेच. पण दार बंद होतं, त्यामुळे मी निवांत. लाडू-चिवडा खोक्यात गप्प बसलेले. मला वाटलं, किती शहाणे आहेत!

शुक्रवारी रात्री गवत बदलताना लक्षात आलं, चिवड्याचं गवत तसंच आहे. कोथिंबीर सुकलेली. त्याच्या कोपऱ्यात लेंड्या जवळजवळ नाहीत. किचनच्या काट्यावर ठेवला, रविवारी ९४० ग्रॅम होता तो ८९० भरला. पोटात गोळा आला. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं, एक दिवस खाणं थांबलं तरी जिवावर बेतू शकतं. आणि ते गप्प बसणं शहाणपणाचं नव्हतं, भीतीने थिजणं होतं.

रात्री दहाला डॉक्टर गाठले. त्यांनी दात, पोट तपासलं, इंजेक्शन दिलं आणि खाऊच्या गोळ्या पाण्यात भिजवून, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडं थोडं भरवायला सांगितलं. दर दोन-तीन तासांनी, रात्रभर.

घरी आलो तर आत्या जागी. "मी उद्या गाडी करून परत जाते," म्हणाली. सकाळी तिचं ऑपरेशन! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आत्या, टायगरची चूक नाहीये, माझी आहे."

ती काही बोलली नाही. टायगरला बाल्कनीच्या बाजूला नेऊन बांधलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि साडी बदलून आली. का, ते मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. टॉवेलमध्ये गुंडाळलेला चिवडा मांडीवर घेऊन म्हणाली, "हे गेले तेव्हा टायगरने तीन दिवस तोंडाला काही लावलं नव्हतं. हातानेच भरवत होते. मलाही मग त्याच्याबरोबर चार घास खावे लागायचे."

काकांबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. पहाटे चारला चिवड्याने तिच्या हातून कोथिंबिरीची एक काडी ओढली.

सकाळी सातला पिंजरा दोन मजले वर, मित्राच्या घरी. हे मी बुधवारीच करायला हवं होतं. टायगर त्यांच्यापर्यंत पोचू नये, एवढाच विचार मी केला होता. वास आणि आवाज दाराखालून पोचतात, ही साधी गोष्ट माझ्या डिझाइनमध्ये नव्हतीच.

तुमच्याकडे असा पाहुणा येणार असेल तर झाकण, कडी, पट्टा हे हवंच. पण जमलं तर छोट्यांना दुसऱ्या घरीच हलवा, आणि रोज वजन करा.

ऑपरेशन छान झालं. आता दुसरा डोळा बाकी आहे. टायगरही येणार आहे. मित्राला आधीच सांगून ठेवलंय.