नुसते ओठ हलवू नका!

शाळेत गॅदरिंगच्या समूहगीताला बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, ‘‘तू नुसते ओठ हलव.’’ त्यानंतर मी बाथरूममध्येसुद्धा गायले नाही. ऑनसाइटला शिकागोत आले आणि मीटिंगमध्येही तेच सुरू झालं. मनात आधी भाषांतर, मग व्याकरण तपासणी... तोवर विषय पुढे गेलेला! म्यूटचं बटण म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण.

अशा मला टीममधली एक जण शनिवारी ‘म्युझिकल इम्प्रॉव्ह जॅम’ला घेऊन निघाली. म्हटलं, फक्त बघणार हं!

हे म्युझिकल इम्प्रॉव्ह म्हणजे काय? तर संहिता नाही, चाल ठरलेली नाही. प्रेक्षक एक शब्द देतात, पियानोवाला सूर धरतो आणि स्टेजवरची मंडळी तिथल्या तिथे गाणं रचतात. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची हजरजबाबी आठवा, फक्त इथे ती यमकात! इथल्याच ‘बेबी वॉन्ट्स कँडी’ या १९९७ साली सुरू झालेल्या ग्रुपनं तर प्रेक्षकांनी दिलेल्या नावावरून अख्खी संगीतिका उभी करून नाव कमावलं. जॅमला मात्र कुणीही चालतं. मुरलेला आणि नवखा, एकाच स्टेजवर.

डोक्यावरून खडखडत जाणाऱ्या ‘एल’ने सेजविकला उतरलो. जवळच वेल्स स्ट्रीट. याच रस्त्यावर १९५९च्या डिसेंबरमध्ये ‘सेकंड सिटी’ हे थिएटर सुरू झालं, तेही एका जुन्या लॉन्ड्रीच्या जागेत! त्याच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स हा व्हायोला स्पोलिन यांचा मुलगा. शिकागोत बाहेरदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना भाषेची अडचण न येता एकत्र खेळता यावं, म्हणून या बाईंनी नाटकाचे खेळ शोधून काढले. त्यातूनच पुढे अमेरिकन इम्प्रॉव्ह वाढलं. हे ऐकलं आणि मला जरा धीर आला. म्हणजे माझ्यासारख्यांची सोय होतीच की!

एका बारच्या वरच्या मजल्यावर छोटासा हॉल. आधी वॉर्मअप. गोल करायचा, एकानं मध्ये जाऊन कुठलंही गाणं म्हणायचं. तो अडखळला की दुसऱ्यानं खांद्यावर थाप देऊन त्याची जागा घ्यायची. सूर कसा लागला, हे कुणी विचारत नाही. मधल्याला एकटं पडू द्यायचं नाही, हाच नियम. मग बादलीत नावाच्या चिठ्ठ्या. माझी मैत्रिणीनंच टाकली होती!

नाव निघालं. शब्द मिळाला, ‘लॉन्ड्री’. पियानोवाला हळूच म्हणाला, ‘‘दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द आधी ठरव. पहिली ओळ तिथवर पोचवायची.’’ हरवलेल्या मोज्यावर दोन ओळी कशाबशा जमल्या. मग डोकं ठप्प. पियानो तेच चार सूर फिरवत थांबलेला, हातापायांना घाम... आणि तोंडातून मराठी बाहेर पडलं! मोजा हरवला, आई ओरडली, असलं काहीबाही. सूरही गेलेलाच. तेवढ्यात शेजारचा आजोबांच्या वयाचा गडी पुढे झाला आणि गंभीर चेहऱ्यानं माझं ‘भाषांतर’ गाऊ लागला. त्याच्या मते मी वॉशिंग मशीनच्या प्रेमात पडले होते! हॉल हसून लोटपोट. मग मीही त्या मशीनशी मराठीत भांडले. चांगली खणखणीत, मोठ्या आवाजात.

सोमवारच्या मीटिंगपर्यंत माझं इंग्रजी काही सुधारलं नव्हतं. एका वाक्यात अडखळलेसुद्धा. पण यावेळी म्यूट काढलेलं होतं, आणि ते वाक्य मी शेवटपर्यंत नेलं.

शिकागोला गेलात आणि असा जॅम सापडला, तर नुसतं बघायला म्हणून जा. चिठ्ठी मात्र स्वतःच टाका!